दणका मागच्या सीटवर कळतो

गाडी जॅकवर चढली की मालक बोलायला लागतो. कारण त्याला जायला जागाच नसते! चाकं काढलेली, गाडी हवेत, हातात चहा. पहिल्या कपाला खड्ड्यांना शिव्या, मग आधीच्या मेकॅनिकला, आणि दुसरा कप संपेपर्यंत घरातलं सगळं बाहेर. चिखलीत आमचं सस्पेन्शनचं छोटं वर्कशॉप आहे. बायको म्हणते, "तुमच्याकडे स्पेअर पार्ट कमी आणि किस्से जास्त."

मी मूळचा लातूरकडचा. चाकणला शॉकअप बनवणाऱ्या कंपनीत वीस-बावीस वर्षं टेस्टिंगला होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्प्रिंग धक्का झेलते आणि शॉकअप स्प्रिंगला उड्या मारू देत नाही. दोघांचं जमलं तर संसार सुखाचा.

माझा पार्टनर नंदू. हा कामगारांची कंपनी बस चालवायचा. त्यामुळे आमच्याकडे एक नियम आहे. गाडी कुणाचीही असो, आधी नंदू मागच्या सीटवर बसून चक्कर मारणार, मग पार्टचं बोलायचं. एकाने विचारलं, "मागे का? मेकॅनिक तर स्टिअरिंगवर बसतो."

नंदू म्हणाला, "साहेब, बारा वर्षं बस चालवली. पुढे बसून मला कधीच काही लागलं नाही. शिव्या कायम मागून आल्या!"

*

आयटीतला एक पोरगा आला. रोहन. गाडी इतकी खाली केलेली की आमच्या उंबऱ्यावरच पोट घासलं. कुठूनतरी आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवून घेतलेल्या.

"काका, वळणावर मागची बाजू सरकते. अजून कडक सेटअप पाहिजे. हँडलिंग पाहिजे मला."

मी म्हटलं, "बाळा, चाक जमिनीला टेकलं तर वळेल. तुझं चाक अर्धा वेळ हवेत आहे. रेसच्या गुळगुळीत ट्रॅकवर कडक चालतं. आपल्याकडे ट्रॅक कुठाय?"

त्याला पटेना. त्याने मला फोनवर परदेशातले चार व्हिडिओ दाखवले. मी पाहून घेतले आणि म्हटलं, "आता आपण आपला काढू." त्याचाच फोन मागच्या चाकाशेजारी बॉडीला क्लॅम्पने घट्ट बांधला. तो ओरडतोय, "काका, नवीन आहे हो!" पण मीही हट्टाला पेटलो होतो. उखडलेल्या रस्त्यावरून एक चक्कर मारली आणि व्हिडिओ लावला.

चाक नाचत होतं राव! दोन टप्पे जमिनीवर, एक हवेत.

रोहनने तो तीनदा पाहिला. मग हळूच म्हणाला, "ही माझीच गाडी आहे ना?"

मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत घातल्या, शॉकअप मात्र चांगल्यातले टाकले. आठवड्याने फोन आला. "काका, वळणावर एकदम भारी चालते! फक्त एक प्रॉब्लेम आहे. मित्र म्हणतात, गाडी आता साधी दिसते."

नंदूने माझ्या हातातून फोन घेतला. "त्यांना म्हणावं, बाहेर उभं राहून बघू नका. आत बसा!"

*

चाचणीसाठी आमचा एक खड्डा होता. वर्कशॉपपासून दोन गल्ल्या सोडून. तिरका, कडा धारदार, डावं चाक आधी आणि उजवं नंतर पडायचं. कंपनीत अशा दणक्यासाठी यंत्र होतं, इथे महापालिकेच्या हद्दीत ते आयतं मिळालं होतं. त्या खड्ड्यातून गाडी गेली की काय बिघडलंय ते मी आवाजावरून सांगायचो.

एक दिवस सकाळी जातो तर तिथे डांबर! माणसं काम करतायत, रोलर फिरतोय. सगळी गल्ली खूश, एक काकू तर त्यांना सरबत देत होत्या. आणि आम्ही दोघंच मयताला आल्यासारखे उभे.

नंदू ठेकेदाराच्या माणसाकडे गेला. "भाऊ, एवढा एक ठेवता येणार नाही का? अर्धा तरी?"

त्याला आधी वाटलं, टिंगल चाललीय. नंदूने सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकलं, घाम पुसला, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दोन महिने दम काढा की राव. पाऊस आहेच!"

*

चाकणजवळच्या गावातले बाळूतात्या. घरची गाडी, पण मागे कांद्याच्या गोण्या टाकून मार्केटला न्यायचे. गाडी मागून बसलेली. कुणीतरी स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी ठोकळे कोंबून दिलेले. त्याने गाडी उचलली, पण दणका थेट मणक्यात.

मी ठोकळे काढले, टेप घेतली, उंची मोजली. माप बरोबर! म्हटलं, "तात्या, स्प्रिंग तर ठीक दिसतेय."

तात्या म्हणाले, "रिकाम्या गाडीचं माप घेऊन काय करता? आमी रिकामं कवा हिंडतच न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. मागे गोण्या, पुढे ते, आणि गोण्यांना टेकून अंग चोरून बसलेल्या त्यांच्या मंडळी. "हं, आता घ्या माप!"

घेतलं. गाडी चांगली चार बोटं खाली. कंपनीत एवढी वर्षं लोखंडी वजनं टाकून टेस्टिंग केलं मी, आणि गिऱ्हाइकाला 'गाडीत रोज काय असतं' हे विचारायचं मलाच सुचलं नव्हतं. तेव्हापासून हा आमचा पहिला प्रश्न.

स्प्रिंगा थोड्या जाड तारेच्या बसवल्या, पण एक गोष्ट निक्षून सांगितली. "तात्या, हा काही ट्रक नाही. ब्रेकही तेवढेच आहेत. इतक्या गोण्या टाकायच्या तर मागे माणूस बसवायचा नाही. दोन्हीतलं एक काय ते ठरवा."

तात्या विचारात पडले. गोण्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, परत गोण्यांकडे पाहिलं!

मंडळी खाली उतरल्या, पदर झटकला, कांद्याची टरफलं उडाली. म्हणाल्या, "इचार कसला करताय? कांदं टेंपूनं जात्याल. म्या गाडीनं जानार!"

पुढच्या सर्व्हिसिंगला आले तेव्हा गाडीत कांद्याचा वाससुद्धा नव्हता.

*

एक जोडपं आलं. नवरा म्हणाला, "मागून खट् खट् आवाज येतो. पण फक्त आई बसल्यावर." सूनबाई तोंड दाबून हसतायत. नवऱ्याने आधीच्या गॅरेजचा विनोदही सांगितला, "ते म्हणाले, आईंना सर्व्हिसिंगला सोडून जा!"

मीही हसलो, खोटं कशाला बोलू? नंदू मात्र हसला नाही. "आईंना घेऊन या. त्या कुठे बसतात, तिथेच बसवायचं."

आल्या. सत्तरीच्या, कडक इस्त्रीची साडी, चेहरा रागाने घट्ट. मागे डाव्या बाजूला बसल्या. शेजारी नंदू. मी गाडी काढली. रस्ता ओबडधोबड सुरू झाला आणि आवाज आला. खट्. खट्. आईंना उतरवून नंदू त्यांच्या जागी बसला. आवाज बंद! नंदू काडी पैलवान. आई चांगल्या भरलेल्या.

मग गाडी जॅकवर घेतली, बॅटरी मारली. डाव्या मागच्या स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटला होता. तुकडा खालच्या वाटीत तसाच बसून होता. बेताचं वजन असलं की गप्प, जास्त वजन आलं की घसरून वाजायचा. हायवेवर निसटून टायरला लागला असता तर काय झालं असतं, ते मी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

मी तो तुकडा आईंच्या हातावर ठेवला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, कापडात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

"आई, हा कशाला? भंगार आहे ते."

"असू दे. तीन महिने हे सगळे माझ्या वजनावर हसले. आता हा शोकेसमध्ये ठेवणार!"

*

प्रज्ञा दिघीहून आली होती. चाकणला एका कंपनीत क्वालिटी इंजिनीअर. जुनी गाडी घेतली होती, आधीच्या मालकाने हौसेने मोठी अलॉय चाकं, पातळ टायर आणि कडक स्प्रिंगा बसवलेल्या. सरळच म्हणाली, "काका, माझ्या वडिलांना बसवता येईल अशी गाडी करून द्या."

वडील वाघमारे. आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकायच्या मशीनवर. मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणत होते, आता फिरा. पण घरी आणताना ॲम्ब्युलन्समध्ये जे हाल झाले, त्यानंतर त्यांनी गाडीचं नावच टाकलं होतं. वर्षभर घरात. दुखण्याने झोप नाही, तासातासाला जाग. प्रज्ञाच्या कंपनीत फॅमिली डे होता, महिन्याभराने. तिला त्यांना स्वतःची प्रॉडक्शन लाइन दाखवायची होती.

"ते येतो म्हणालेत?" मी विचारलं.

"नाही म्हणालेत. तुम्ही गाडी करा, त्यांना मी बघते."

मोठे अलॉय काढले, मूळ मापाचे जाड टायर टाकले. गाडीच्या मूळ मऊ स्प्रिंगा घातल्या. झिजलेले रबरी बुश बदलले. पहिल्या रविवारी दिघीला गेलो. वाघमारे दारातच म्हणाले, "जयभीम. उगाच आलात." प्रज्ञाने चपला आणून त्यांच्या पायापाशी ठेवल्या आणि उभी राहिली. बराच वेळ! शेवटी त्यांनी चपला घातल्या.

ठरलं असं की दुखलं की त्यांनी बोट वर करायचं. बोलायचं नाही, कारण ते पोरीपुढे 'काही नाही, काही नाही' म्हणतात. एवढ्याशा चकरेत नऊ वेळा बोट वर झालं. परत येताना प्रज्ञाचे ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, संपलं. तिने विचारलं, "पुढच्या रविवारी काय बदलायचं?"

दुसऱ्या रविवारी टायरमधली हवा नीट केली, सीटचा फोम बदलला. सहा वेळा बोट वर. तिसऱ्या रविवारी स्प्रिंग अजून मऊ केली आणि परत नऊ! मला काही कळेना. एवढी वर्षं टेस्टिंग करून मी डोकं धरून बसलो.

वाघमारे सीटवरूनच म्हणाले, "साहेब, एक सांगू? खाली जाताना दुखत नाही. वर येताना दुखतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मऊच्या नादात गाडी उसळत होती! दणका नव्हे, उसळी मारत होती त्यांना. स्प्रिंगला आवरणारा शॉकअपच कमी पडत होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"प्रेस चालवली ना आयुष्यभर. मारते खाली, पण वर जाताना लक्ष नसलं की पुढच्या ठोक्याला हात जातो."

दुसऱ्या रविवारची स्प्रिंग परत घातली. ओळखीने असे शॉकअप मिळवले जे दबताना सोपे दबतात, पण परतताना हळू परततात. चौथ्या रविवारी एकच बोट वर झालं. तेही अर्धं.

फॅमिली डेच्या सकाळी प्रज्ञा म्हणाली, "काका, तुम्ही दोघंही चला. काही झालं तर मला एकटीला सुचणार नाही." मी तिच्या शेजारी बसलो, मागे नंदू आणि वाघमारे. वाघमारेंचा इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. भोसरी, मोशी, मग चाकणचा रस्ता. ट्रक, कंपन्यांच्या बस, मधेच खोदलेलं. प्रज्ञा प्रत्येक खड्डा तोलून घेत होती. तिची नजर फक्त रस्त्यावर, माझे कान मागे.

कंपनी दिसली. गेटवर फुगे लावलेले, कामगारांची पोरं नवे कपडे घालून रांगेत. वॉचमनने प्रज्ञाची गाडी ओळखली आणि आडवा दांडा वर केला.

प्रज्ञाने आरशात पाहिलं. आणि गेटवरून गाडी सरळ पुढे नेली.

"अगं, गेट मागे राहिलं!" मी म्हणालो.

"काका, हळू बोला."

मी मान वळवली. वाघमारेंचं डोकं नंदूच्या खांद्यावर होतं, तोंड किंचित उघडं, बारीक घोरणं चालू. गाडी एका खड्ड्यातून गेली, तरी हलले नाहीत. नंदू श्वास रोखून बसलेला.

प्रज्ञाने कुजबुजत विचारलं, "पुढचा यू-टर्न किती लांब आहे?"

"दोन किलोमीटर."

"याच्याहून लांबचा नाही का?"