गुडघे माझे, समजावलं ह्यांना

माझी शेवटची मोठी रांगोळी मगरीची आहे. कुणाला सांगितलं की आधी हसतात. पूर्वी मीही हसायचे. आता कुणी हसलं की डोक्यात तिडीक जाते.

बडोद्यात दिवाळीला रांगोळ्यांची प्रदर्शनं भरतात. बाहेरच्यांना वाटतं, ठिपके, वेलबुट्टी, फार तर मोर. तसं नाही हो. हॉलमध्ये प्रत्येकाला जमिनीवर एक चौकोन आखून देतात आणि त्यात आम्ही माणसांचे चेहरे काढतो. चिमटीतून रंग सोडत सोडत असे काढतो की बघणारा खाली वाकून विचारतो, फोटो चिकटवलाय का? मी शाळेत चित्रकला शिकवायचे. कागदावर माझा हात बरा होता, इतकंच. जमिनीवर तो दुसऱ्याच कुणाचा तरी व्हायचा. दिवसच्या दिवस त्या चौकोनाशेजारी गुडघे टेकून, ओणवं होऊन, एका हातावर भार देऊन बसायचं. पाठ जायची, मान जायची, उठताना हाडं वाजायची. आणि तरी दसरा उलटला की बोटांना खाज सुटायची.

त्या बसण्यानंच गुडघे गेले म्हणतात. म्हणू देत. आमच्या शेजारणीनं जन्मात रांगोळीला हात लावला नाही, तिच्याही वाट्या झिजल्याच आहेत.

झिजल्या म्हणजे अगदी झिजल्या. आम्ही बडोद्यातच गोत्री भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद पडली की भाजीची पिशवी जिन्यात ठेवून मी रडायचे. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, रिफायनरीतून निवृत्त झालेत. आयुष्यभर पाईप आणि व्हॉल्व्ह सांभाळले. दुरुस्त होत नसेल ते बदलून टाकायचं, हा त्यांचा साधा हिशोब. तेव्हा गुडघे बदलायचं पहिल्यांदा घरात ह्यांनीच काढलं आणि मला गावातच अकोट्याला एका सर्जनकडे घेऊन गेले.

सर्जन गुजराती, वयानं आमच्या मुलाएवढा, बोलायला साखर. माझे एक्स-रेचे फोटो लावून बघितले, दोन्ही पाय वाकवून बघितले. मग म्हणाला, काकी, उभ्यानं काढलेला एक फोटो हवाय, जरा खालच्या मजल्यावर जाऊन काढून या. मी गेले. तिथे रांग होती. परत वर आले तोवर ह्या दोघांचं सगळं बोलून झालं होतं. दोघंही माझ्याकडे बघून हसले. दोन्ही गुडघे एकाच वेळी करू, दुखणं जाईल, असं डॉक्टरनं मला थोडक्यात सांगितलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे हीच तर रीत आहे. बाईचं दुखणं असलं तरी डॉक्टर खुर्ची फिरवून बोलतो तो पुरुषाशीच, आणि बाई मांडीवर पर्स धरून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत बसते.

रिक्षात मी ह्यांना एकच विचारलं, "खाली बसता येईल ना हो मला?"

"येईल की. सगळं येईल."

एवढंच म्हणाले आणि रस्त्याकडे बघायला लागले. माझ्यापुरता विषय संपला. ह्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मी लग्न झाल्यापासून धरून चालले होते.

आता आईचं सांगते. माझ्या आईचा एकच फोटो आहे. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिच्यापुरता कापून मोठा केलेला, धुरकट. आईच्या डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली असायची, त्यामुळे ती नेहमी काहीतरी गंमत लपवून बसलीय असं वाटायचं. फोटोत तो डोळा म्हणजे नुसता डाग आहे. तो डोळा खरा आहे तो माझ्या डोक्यात, आणि मी गेले की तो कुठेच नसणार. मला आईची रांगोळी काढायची होती. कित्येक वर्षं मनात होती. पण आपली आई काढायला घ्यायचा धीर होत नाही. दरवर्षी वाटायचं, अजून थोडा हात तयार होऊ दे.

ऑपरेशनचं ठरलं त्या वर्षी मात्र मी मनाशी पक्कं केलं. ह्यांना म्हटलं, या दिवाळीत आई काढते, आणि मग खुशाल करा काय बदलायचे ते गुडघे. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "घाई कशाला? आईचं काम निवांतपणे करायचं. नव्या गुडघ्यांवर काढ."

मला इतकं पटलं ते! खरंच की, दुखरे गुडघे चोळत, तासातासाला उठत आई कशाला उरकायची? पुढच्या वर्षी मस्त बैठक मारून काढू. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच, पण ते पळतं नव्हतंच मुळी, हे मला कुठे ठाऊक होतं? आमच्या रांगोळी मंडळानं त्या वर्षी गावातली विश्वामित्री नदी हा विषय सुचवला होता. कुणी पूल घेतला, कुणी घाट घेतला, मी तिच्यातली मगर घेतली. मगर सोपी. अंगाला चिखलाचा रंग, पाठीवर खवले, चुकलं तरी कळत नाही. गुडघ्यांना जितकं सोसेल तितकंच काम.

त्या दिवसांत हे रोज डबा घेऊन हॉलवर यायचे. एरवी प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी तोंड दाखवणारा माणूस! मोबाईलवर माझे फोटो काढायचे. रंग चाळताना, चिमूट सोडताना, मगरीच्या शेपटीशी वाकलेली असताना. मैत्रिणी चेष्टा करायच्या, या वयात काय गं हे प्रेम. मी वरवर चिडायचे, पण आतून सुखावले होते. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपली रांगोळी आपल्याच हातानं झाडायची असते. मी झाडू घेतला आणि मगर एका दमात शेपटीपासून पुसून टाकली. गाणं गुणगुणत पुसली. हे बाजूला उभे होते. ते बाहेर निघून गेले, आणि मला वाटलं, धूळ सहन होत नसेल.

ऑपरेशन छान झालं. खोटं कशाला बोलू? पहिले काही आठवडे नको नको झालं, पण मग दुखणं जे गेलं ते गेलंच. मी जिना चढायला लागले. मंगळबाजारात तासभर फिरून आले. दवाखान्यातून एका मुलीचा फोन यायचा. ऑपरेशननंतर सांधे कसे चालतात याचा अभ्यास त्यांच्याकडे चालू होता, त्यातले प्रश्न ती विचारायची. जिना उतरता का, गाडीत चढता-उतरता का, पायमोजे घालता येतात का. बडोद्याच्या उन्हात पायमोजे कोण घालतं बाई? पण मी आपली शहाण्यासारखी हो, हो, हो म्हणत गेले. ती खूश होऊन म्हणाली, तुमचा रिझल्ट फार सुंदर आहे.

मग एके दिवशी घरात कुणी नसताना मी पलंगाचा कठडा धरून खाली बसायला गेले. गुडघा थोडा वाकला आणि थांबला. दुखला नाही. नुसता थांबला, स्टॉपरला दार अडावं तसा. मी जोर लावला, तो हलेना. गुडघे टेकून बघितले. वाटीखाली काहीतरी परकं, कडक आहे असं वाटलं, आणि त्यावर अंगाचा भार सोडायची छाती होईना. वर उठताना तर तोंडचं पाणी पळालं. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, आंटी, वाकतोय तेवढा खूप झाला की. मी म्हटलं, तुला खूप झाला असेल.

नंतरच्या तपासणीला मी एकटीच गेले. ह्यांना त्या दिवशी करजणला चुलतभावाकडे वास्तुशांतीला जायचं होतं. दिवस बदलून घेऊ, आपण दोघं जाऊ, असा हट्ट ते का करत होते ते मला नंतर कळलं. मी रिक्षा केली आणि गेले. खुर्ची फिरवायला समोर पुरुषच नाही म्हटल्यावर डॉक्टर माझ्याशी बोलला. मी विचारलं, जमिनीवर कधीपासून बसू? दिवाळी आलीय, मला गुडघे टेकून काम करायचंय.

तो गोंधळला. मग गुजरातीत म्हणाला, "पण काकी, काकाने तो में बधुं कह्युं हतुं."

काकांना तर मी सगळं सांगितलं होतं!

पोरगा वाईट नव्हता. त्यानं मला तेव्हा सगळं नीट समजावलं, जे पहिल्या दिवशी समजवायला हवं होतं. ऑपरेशनच्या आधी गुडघा जेवढा वाकत असतो, साधारण तेवढाच नंतर वाकतो, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय म्हणाला. जास्त वाकणारे म्हणून नवे सांधे निघाले, पण अभ्यास झाले तेव्हा साध्या सांध्यांपेक्षा फारसा फरक काही आढळला नाही. उकिडवं बसलं की आतल्या प्लॅस्टिकवर ताण येतो. गुडघे टेकणं काही जणांना जमतं, बऱ्याच जणांना नकोसंच वाटतं. माझ्यासारखं तासन्तास बसणं तर सोडूनच द्या. आणि ते फोनवरचे प्रश्न मुळात जिथे तयार झाले तिथे लोक खुर्चीवरच जगतात, म्हणून त्यात जमीन कुठेच नाही. आता आपल्याकडचे डॉक्टर तेही विचारायला लागलेत, असंही म्हणाला. त्यानं हे सगळं ह्यांना त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी खाली फोटोच्या रांगेत उभी असताना. आणि हे म्हणाले होते, मी तिला घरी गेल्यावर सांगतो.

मी त्याला म्हटलं, गुडघे माझे, आणि समजावलंस काकांना?

घरी येईपर्यंत रिक्षात माझ्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट येत होती. तो डबा. ते फोटो. मगर पुसताना हॉलबाहेर गेलेला माणूस. त्यांना माहीत होतं! मी ज्याला प्रेम समजत होते ते सुतक होतं, माझं, मला न सांगता पाळलेलं. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि कापणारा रोज डब्यात माझ्या आवडीची भाजी आणत होता.

संध्याकाळी हे करजणहून आले. हातात प्रसादाचा पुडा. माझा चेहरा बघितल्याबरोबर त्यांना कळलं, कारण त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही, तसेच दारात उभे राहिले. मी ओरडले नाही. ओरडायचं ठरवून बसले होते तरी. विचारलं, का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर तू ऑपरेशन केलंच नसतंस. मला तुला जिन्यात रडताना बघवत नव्हतं."

"केलं असतं," मी म्हटलं. "आधी आई काढली असती, आणि मग केलं असतं."

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगते, अजिबात नव्हतं. चेहऱ्यावरून दिसत होतं. इतकी वर्षं माझ्याशी संसार केलेल्या माणसाला हो आणि नाही एवढी दोनच उत्तरं सुचली होती. तिसरं मला विचारलं असतं तर मिळालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि पुडा हातातच राहिला.

मग हे आपल्या स्वभावाप्रमाणे दुरुस्तीला लागले. सुताराकडून डायनिंग टेबलावर बसेल असा मोठा पाट करून आणला, काळा रंग दिला, घासून गुळगुळीत केला. उभ्यानं काढ म्हणाले. मैत्रिणी म्हणाल्या, लहान काढ गं. त्यांना तरी कळायला हवं. रांगोळीचा दाणा दाण्याएवढाच राहतो. चेहरा लहान केला की डोळ्याच्या जागी चार दाणे उरतात, त्यात पापणी कशी झुकवायची? चेहरा मोठाच हवा.

तरी मी सुरू केलं. रागानंच केलं. एका बाजूनं केस काढले, कपाळ काढलं. दुसऱ्या बाजूला जाऊन हनुवटी, गळा, काठाचं लुगडं. कान, कुडी, दोन्ही गाल. हात तसाच होता, जराही विसरला नव्हता. आई हळूहळू येत होती. पण चेहऱ्याचे डोळे पाटाच्या मधोमध येतात. जमिनीवर मी हात टेकून अंग तिथवर नेलं असतं. टेबलाच्या कडेनं पोट अडवलं आणि चिमूट पार वरून, लांबून सुटली. पापणीच्या जागी पांढरा फराटा उमटला. फुंकर मारून तो काढला, पुन्हा सोडली, पुन्हा तेच. पाट फिरवून बघितला. मधलं ते मधेच राहतं. मग मी थांबले, हात धुतले आणि आत जाऊन पडले.

आई तशीच आहे टेबलावर, डोळ्यांशिवाय. मी पुसणार नाही असं ह्यांना सांगून टाकलंय. तेही पुसत नाहीत. आम्ही ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवतो. दिवाळी झाली तरी बडोद्याचा उकाडा काही हटत नाही, आणि पंखा आहे तो नेमका त्या टेबलाच्या वर. एका दुपारी हे भिजलेल्या शर्टानं उठले, बटणापाशी गेले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, लावा की. त्यांनी हात खाली घेतला आणि पुन्हा येऊन बसले. तसेच बसतात आता रोज, घामानं निथळत. बसू देत.