तक्त्याखालचं नाव

शाळेभोवतीच्या कपाशीवर फवारणी सुरू झाली की तो उग्र वास खिडकीतून वर्गात शिरतो आणि मला एक तक्ता आठवतो. फुलसावंगीजवळच्या शाळेत मी तेव्हा नवीन होते. प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं, इंटरनेटवर दिसेल ते चित्र उचलायचं नाही. सगळ्यांना वापरायला मोकळं असेल तेच घ्यायचं आणि खाली फोटो काढणाऱ्याचं नाव लिहायचं. शेतीच्या कामांवरच्या पाठासाठी मी बराच वेळ शोधून तसा एक फोटो मिळवला. छातीपर्यंत कपाशीत फवारणी करणारा माणूस, पाठीवर पंप, तोंडाला साधं फडकंही नाही. यवतमाळहून त्याची रंगीत प्रिंट आणली, तक्त्यावर चिकटवली आणि खाली वळणदार अक्षरात फोटो काढणाऱ्याचं नाव लिहिलं. सकाळी तिसरीतली एक मुलगी तक्त्यासमोरून हलेना. "मॅडम, नाव चुकलं," ती म्हणाली. "हे माये बाबा हायेत." तिचे वडील लोकांच्या शेतात मजुरीनं फवारणी करत, आदल्याच हंगामात औषध अंगात भिनून गेले होते. मी तिला नियम सांगितला. हे फोटो काढणाऱ्याचं नाव आहे, ते द्यावंच लागतं. तिनं विचारलं, "मंग बाबाचं कुठं लिहू?" खाली जागाच ठेवली नव्हती मी. मधल्या सुट्टीनंतर पाहिलं, तर तिनं फोटोतल्या कपाशीवरच पेन्सिलीनं वडिलांचं नाव लिहिलं होतं. आजही मी वापरायला मोकळी असलेलीच चित्रं शोधते, खाली नाव लिहिते. माणूस असलेलं चित्र मात्र घेत नाही.