आरसेसरांचा उजवा कापूर

आरसेसरांपुढे फराळाचं ताट ठेवलं की ते आधी चकली उचलत आणि खाण्यापूर्वी तिची चौकशी करत. डोळ्यांजवळ धरून तिचा पीळ कुठल्या बाजूला जातो ते बघायचं, उलटी करून पुन्हा बघायचं, आणि मगच तोडायची. दिवाळीत ते पहिल्यांदा आमच्या परळच्या घरी आले, तेव्हा माझी आई स्वयंपाकघराच्या दारातून हा सोहळा बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय झाला हो सर? केस गावलो काय?"

"छे हो, ताई. पीळ डावा की उजवा ते बघत होतो. पण चकलीचं काही खरं नाही. उलटी केली की बाजू बदलते. शंख बघा, कसाही फिरवा, डावा तो डावाच. चकली मात्र राजकारणी."

सर गेल्यावर आई ताट उचलत म्हणाली, "माणूस बरो आसा. पण बायको कशी ऱ्हवता रे ह्येच्यावांगडा?"

डावं-उजवं हाच सरांचा जन्माचा धंदा. परळच्या आमच्या संशोधन संस्थेत ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मी, पालव, त्यांचा विद्यार्थी. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा आरसा असे, त्यावरूनच ते आरसेसर. नवा विद्यार्थी आला की त्याचा उजवा हात आरशासमोर धरायला लावत. "आत कुठला हात दिसतो? डावा. दोन्ही सारखे, पण एकाचा मोजा दुसऱ्याला होत नाही. रेणूंनाही असेच हात असतात. आता जा, चहा पिऊन ये. निम्मं रसायनशास्त्र झालं." नव्या मुलांना वाटे, सर भांग पाडायला आरसा ठेवतात. सरांच्या डोक्यावर भांग पाडण्याजोगं काही उरलं नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या उशिरा लक्षात येई.

गणपतीच्या दिवसांत त्यांना लालबागेतून नेणं म्हणजे जोखीम. प्रत्येक मूर्तिशाळेपुढे ते थांबत आणि सोंड तपासत. एकदा एका मंडळाच्या कार्यकर्त्याने त्यांना जाणकार समजून आदराने विचारलं, "काका, उजव्या सोंडेचा कडक असतो म्हणतात, खरं काय?"

"असेल. औषधांचंही तसंच असतं. एका हाताचा रेणू ताप उतरवतो, दुसऱ्या हाताचा माणसाला उतरवतो."

कार्यकर्त्याने त्या वर्षी डावी सोंड ठरवली. सरांना वाटलं, विज्ञानाचा प्रसार झाला.

त्यांचा खरा जीव होता द्रवस्फटिकांवर. ही वस्तू ना धड पाणी, ना धड खडा. घड्याळात, टीव्हीच्या पडद्यात असते, पण ती समजावून सांगायला लोक खडूने फळेच्या फळे भरतात. सर गिरगावात राहायचे, चौपाटीच्या वाटेवरच्या चाळीत. त्यांना फळा लागत नसे. "विसर्जनाची मिरवणूक बघ. कुणाची जागा ठरलेली नाही, सगळे वाहतायत, पण तोंडं सगळ्यांची समुद्राकडे. झाला द्रवस्फटिक. आता प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा मान किंचित उजवीकडे वळवली, तर अख्ख्या मिरवणुकीला पीळ पडेल. त्या पिळातून प्रकाश गेला की रंग दिसतात. यावर मी आयुष्य काढलं. बायको म्हणते, मिरवणूक गॅलरीतूनही दिसते."

देवावर त्यांचा विश्वास नव्हता, पण दसऱ्याची यंत्रपूजा कधी चुकली नाही. मायक्रोस्कोपला झेंडूची माळ, भट्टीला हळदकुंकू, वजनकाट्याला मात्र फक्त लांबून नमस्कार, कारण कुंकवाचं वजन येतं. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "देव आहे की नाही, माहीत नाही. मायक्रोस्कोप रुसतो हे मी स्वतः पाहिलंय."

आणि पूजेचा कापूर ते स्वतः आणत, भुलेश्वरहून. त्यातही यांचं शास्त्र आडवं आलं. झाडापासून काढलेला कापूर, बाजारात ज्याला भीमसेनी म्हणतात तो, एकाच हाताचा, उजवा. त्याच्या द्रावणातून प्रकाश सोडला तर उजवीकडे वळतो. कारखान्यातल्या स्वस्त कापरात निम्मा डावा, निम्मा उजवा, म्हणून प्रकाश सरळ निघून जातो. सर विकत आणलेला कापूर प्रयोगशाळेत तपासत आणि नापास झाला तर दुकानात परत नेत.

"शेठ, हा भीमसेनी नाही. निम्मा डावा आहे."

शेठ म्हणाला, "साहेब, तुम्हाला कापूर जाळायचा हाय की निवडणुकीला उभा करायचा हाय?"

शेवटी एका दसऱ्याला कुठून तरी अस्सल झाडाचा कापूर मिळाला. महाग होता. आरती झाल्यावर उरलेली पुडी फेकवेना, म्हणून सरांनी ती नमुन्यांच्या कपाटात ठेवली. झुरळं येत नाहीत.

त्या वर्षाअखेर सर निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांची खोली आधीच वाटून झाली होती. आमचे संचालक रसायनशास्त्रज्ञ होते, असं त्यांच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. त्यांना सरांच्या प्रयोगशाळेत 'कल्पकता केंद्र' काढायचं होतं. तिथे रंगीत उशांवर बसून तरुणांना कल्पना सुचणार होत्या. सरांना मात्र तीन वर्षांची मुदतवाढ हवी होती. केळ्यासारख्या वाकड्या आकाराचा एक रेणू त्यांनी घडवला होता आणि त्याचं वागणं अजून उलगडलं नव्हतं. घरी मायक्रोस्कोप नेता येत नाही. "खोली गेली की मी नुसता म्हातारा," असं ते एकदाच बोलले, तेही पाठमोरे.

हा वाकडा रेणू ना डावा ना उजवा. पण वितळवून थंड केला की त्याचे ठिपके ठिपके होत, काही डाव्या पिळाचे, काही उजव्या. जवळजवळ निम्मे-निम्मे, नाणं उडवल्यासारखे. दिवाळीनंतर एका दुपारी सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मग स्टुलावर बसले. सगळे ठिपके एकाच हाताचे. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"पालव, नाणं उडवावं तितक्या वेळा छापा पडतोय. एक तर सृष्टीचं गुपित सापडलंय, नाहीतर आपण गाढव आहोत. मला दुसऱ्याची जास्त खात्री आहे."

पण ही बातमी संचालकांच्या कानावर गेली, आणि त्यांना पहिल्याची खात्री पटली. ज्या रेणूला हातच नाही, तो आपण होऊन हात निवडतो. शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला. मुदतवाढीला तोंडी होकार आला. रंगीत उशा जिन्याखाली ढकलल्या गेल्या. दादरला सभागृह घेतलं, सत्काराच्या पत्रिका छापल्या. सर नवीन टेबल कुठे लावायचं याची आखणी करू लागले. मी त्यांना इतकं सुखी कधीच पाहिलं नव्हतं. काम करताना शीळ घालायचे, आणि ती भयंकर असायची.

सत्काराच्या आदल्या आठवड्यात, सभागृहाच्या पडद्यावर दाखवायला म्हणून सरांनी कपाटातून नमुन्याची कुपी काढली, झाकण उघडलं आणि जुन्या रसायनवाल्यांच्या वाईट खोडीप्रमाणे नाकाशी नेली. तिथेच थबकले.

"पालव, आपल्या पदार्थाला देवळाचा वास का येतोय?"

पुढचं सांगायला नको. कापूर हवेत उडून जातो. कपाटातल्या पुडीतून उडून तो कुपीकुपीत शिरला होता. नाणं आपण होऊन पडत नव्हतं, एक उजवा हात त्याला ढकलत होता. आम्ही नवा नमुना बनवला, कपाटाला न शिवता: निम्मं-निम्मं. त्याच्यातलाच थोडा कापराच्या खड्याशेजारी डबीत ठेवला: सगळा एका हाताचा. सर हसले. "भुलेश्वरचा शेठ बिचारा स्वस्त कापूर देत होता. त्यातले डावे-उजवे एकमेकांची जिरवून गप्प बसले असते. मला अस्सल हवा होता."

संचालकांकडे मी सरांबरोबर गेलो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "सर, कापराचं कुणाला कळणार?"

"ज्याच्या प्रयोगशाळेत दसरा होत नाही, अशा कुणालाही. तो करून बघेल आणि त्याला निम्मं-निम्मं दिसेल."

"मग आपण ते असं मांडू या," संचालक खुर्चीत पुढे सरकले, "की कापराने रेणूंवर संस्कार होतात. आपली परंपरा आणि विज्ञान. याला फार मागणी आहे, सर."

"संस्कार नाहीत हो, भेसळ आहे."

"विचार करा. तीन वर्षं आहेत. तुम्ही फक्त गप्प बसायचंय."

"गप्प बसायला प्रयोगशाळा कशाला लागते? ते मी गिरगावात बसतोच. बायको आहे घरी."

निबंध त्यांनी त्याच दिवशी परत मागवला. मुदतवाढीचा होकार तोंडी होता, तो तोंडातच राहिला. सत्कार मात्र टळला नाही. सभागृह घेतलेलं, पाहुणे बोलावलेले. संचालकांनी मागचा फलक बदलून सरांचा सत्कार 'वैज्ञानिक प्रामाणिकपणा'बद्दल उरकला आणि स्वतः त्यावर सुंदर भाषण केलं. सर शाल सावरत उभे राहिले. "प्रामाणिकपणाबद्दल शाल मिळाली, याचा अर्थ संस्थेची माझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढं म्हणून बसले. लोकांनी हा विनय समजून टाळ्या वाजवल्या. संचालकांनी सर्वांत जोरात.

निवृत्तीच्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा प्रयोगशाळा जवळजवळ रिकामी होती. उशा दारात येऊन पडल्या होत्या. फक्त मायक्रोस्कोपचं टेबल जागेवर होतं, कारण सर त्यावर वाकलेले होते, आणि ते न्यायला आलेली दोन माणसं भिंतीला टेकून वाट बघत होती. एकाने मला हळूच विचारलं, "काय चाललंय? हे तर रिटायर झाले ना?"

"ये," सर मला म्हणाले. "बघ."

मी वाकलो. काळ्या अंधारात ठिपके उजळलेले होते. सरांनी वरची काच जराशी फिरवली. उजळ होते ते विझले, विझलेले उजळले. जितके डावे तितकेच उजवे. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत कुणालाही दिसेल असं, आणि ज्यावर कुणी शाल देणार नाही असं.

"किती कंटाळवाणं आहे, नाही?" सर म्हणाले. त्यांचा आवाज मात्र शीळ घालायच्या दिवसांतला होता. मला बाजूला सारून ते पुन्हा वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. माणसांपैकी एकाने घसा खाकरला.

सरांनी दिवा बंद केला. "न्या," ते म्हणाले. "बघून झालं."