वजनावर लावलेली जोड

आमच्या वर्गात आम्ही चौघं होतो. अभ्यासक्रम पदव्युत्तर, नाव क्रीडा व्यवस्थापन, आणि परभणीतल्या त्या कॉलेजला मैदान नव्हतं. खेळाचा धंदा कसा करावा हे वाणिज्यचे सर शिकवायचे. ते जिना चढून आले की निम्मा तास दम खाण्यात जायचा. उरलेल्या वेळात परदेशी पुस्तकाची झेरॉक्स वाचून दाखवायचे, ‘प्रेक्षक हाच गिऱ्हाईक.’ आम्ही ते उतरवून घ्यायचो आणि चहाला जायचो.

मनापासून शिकणारा एकच, माझ्या खोलीतला रंगनाथ. ताडकळसच्या पलीकडच्या एका खेड्यातला. त्याचे वडील माणिकराव, म्हणजे गावातली मोठी शेती आणि जत्रेच्या पंचांत शेवटचा शब्द. साल एक्याण्णव. विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही यावरून सगळा मराठवाडा तापलेला, बंद झाला की परीक्षा पुढे. रंगनाथ वैतागायचा, “नाव काईबी ठिवा, पण माझी परीक्षा घ्या.” इतका निर्मळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याचं सगळं त्या परीक्षेवर होतं. पास झाला तर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्याच शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा. नापास झाला तर काय, ते माणिकरावांनी सांगून ठेवलं होतं, “मंग गपचिप येऊन औत धर.” औताच्या नुसत्या नावानं रंगनाथच्या कंबरेत कळ यायची.

शेवटचं प्रात्यक्षिक म्हणजे एक स्पर्धा स्वतः भरवायची, बाहेरचे एक परीक्षक बघायला येणार. रंगनाथनं गावच्या जत्रेतल्या कुस्त्या निवडल्या आणि मदतीला मला नेलं. आजवर जोडी माणिकराव लावायचे. आखाड्यात फिरायचे, एकाच्या खांद्यावर हात ठेवायचे, मग दुसऱ्याच्या. तो हात दलित वस्तीतल्या सटवाजीच्या खांद्यावर कधी पडला नाही. सटवाजी पंचक्रोशीत तयार पैलवान, पण त्याला दरवर्षी कुस्तीविना नारळ मिळायचा. गावात भेदभाव मात्र अजिबात नव्हता. कुणालाही विचारा, हेच सांगितलं असतं.

रंगनाथनं पुस्तकाप्रमाणे केलं. आदल्या दिवशी आडतीवरचा काटा आणवला, ज्वारीच्या पोत्यासारखे पैलवान तोलले आणि सारख्या वजनाच्या जोड्या मारुतीच्या पारावर फळ्यावर लिहून टाकल्या. शेवटची मानाची कुस्ती, बन्सीधर विरुद्ध सटवाजी. बन्सीधर रंगनाथचा सख्खा चुलतभाऊ. समाज सुधारायचा त्याचा काही विचार नव्हता हो. त्यानं आकडे बघितले, माणसं बघितलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऐन कुस्तीच्या वेळी बन्सीधरच्या पाठीत उसण भरली. सकाळी तोच बैलगाडीचं चाक उचलून दाखवत होता.

“दुसरी जोड लाव,” माणिकराव हळूच म्हणाले.

“आबा, परीक्षक बसलेत. जो येत न्हाई त्यो हारला, असा नियम हाय.”

“कुणाचा नियम?”

रंगनाथनं परीक्षकांकडं बघितलं. ते जत्रेचं जेवण जेवून खुर्चीत सैलावले होते, पण मार्कांचा कागद मांडीवर होता. आखाड्यात सटवाजी मांड्यांना माती लावून उभा. हलगी थांबली. रंगनाथनं भोंगा हातात घेतला आणि औत डोळ्यासमोर आणून एका दमात बोलला, “बन्सीधर गैरहजर. सटवाजी विजयी.”

मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. वस्तीतली पोरं शिट्ट्या वाजवायला लागली.

विजयी पैलवानाला गुलाबी फेटा बांधायची रीत. बांधणार कोण, तर माणिकराव. ते जागचे हलले नाहीत. परीक्षकांनी घड्याळात बघितलं. शेवटी रंगनाथच फेटा घेऊन आखाड्यात उतरला. सटवाजीनं मान खाली केली नाही, दोन्ही हात पुढं केले. आणि रंगनाथनं त्या हातांच्या वीतभर वरून फेटा सोडला. त्यांच्या घरून वस्तीतल्या सालगड्याला भाकर अशीच वरून मिळायची. त्यानं मुद्दाम केलं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

सटवाजीनं हात बाजूला घेतले. फेटा मातीत पडला.

“रंगनाथराव, नियमात हातात द्यायचं न्हाई का?” एवढंच विचारून तो कपडे खांद्यावर टाकून निघून गेला. त्याच्यामागं वस्ती उठली. रंगनाथ तिथंच उभा राहिला. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

फेटा उचलावा का, यावर पंचांची थोडी कुजबुज झाली. सटवाजीचा हात लागलाच नव्हता, तेव्हा हरकत नव्हती. माणिकरावांनी तो झटकला आणि परीक्षकांच्या डोक्याला बांधला. परीक्षकांना गहिवरून आलं. आयोजन उत्तम, असा शेरा मारून त्यांनी रंगनाथला पहिल्या वर्गात पास केलं.