खताच्या गोळ्या

तुंगार्लीतल्या बाल्कनीत मिरची लावायला खताची पिशवी उघडली आणि तोच उग्र वास नाकात शिरला.

लहानपणी घरामागच्या उघड्या कातळावर आईने पत्र्याच्या डब्यांत माती भरून वांगी लावली होती. भातखाचरात चार रोपांमध्ये युरियाची एक गोळी खोचतात. मी मात्र वांगी लवकर यावीत म्हणून गुपचूप प्रत्येक डब्यात तीन-तीन खुपसल्या. चार दिवसांत रोपं करपली. वाळकी पानं चुरगाळत आई म्हणाली, "माज्या हातालाच यश न्हाई." मी गप्प राहिले. तिनं पुन्हा कधी काही लावलं नाही.

आज ती शेजारीच बसली होती. मिरचीचं रोप तिच्यापुढे केलं, तर तिनं हात पदराखाली घेतले. "तूच लाव गं. माजा हात नगं त्याला."

मीच लावलं. आजही गप्पच राहिले.