जावयाचा सीझन चालू आहे

ये, अशी जवळ सरक. उंबऱ्यात उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी मला सांग, किती महिन्यांनी सवड झाली ग तुला? फोन केला की 'मावशी, नंतर बोलते'. ते नंतर कधी येतं? असू दे. आली आहेस तर बूड टेकून बस, आणि मी थांबले तरी उठू नकोस. थांबेन मी मध्ये मध्ये. कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बहिणीला नाही, देवाला नाही – देवापुढे तर मी दुसरंच काहीतरी बोलून उठते.

आमच्या गल्लीत मला सगळे फटकळ म्हणतात. खरं ते तोंडावर सांगणारी बाई. कर्जतच्या बाजारात वांगी किडकी निघाली तर परत नेऊन त्याच्या पाटीत ओतणारी मी. माझा मलाही त्याचा अभिमान आहे, कशाला लपवू? पण तीन वर्षं झाली, माझ्या पोटात एक खोटं आहे. एक कसलं – दोन आहेत.

माझी लेक रोहिणी. ती पहिलीत गेली तेव्हा मी तिच्या पाटीवर अक्षरं शिकले. शाळेचं तोंड मी बघितलेलं नाही. ती 'क' गिरवायची, तिच्या मागनं मी गिरवायची. पुढं ती पुण्याला शिकली, नोकरीला लागली, आणि कंपनीनं तिला नॉर्वेला धाडलं. तिथंच तिनं लग्न केलं. त्या मुलाचं नाव लार्स. आम्ही म्हणतो लार्सराव – जावयाला राव लावल्याशिवाय जीभ वळते का? चार माणसांत सही करून लग्न झालं आणि आम्हाला फोटो आला.

आण्णा – म्हणजे माझे मालक, सगळी गल्ली आण्णा म्हणते, लेकही तेच म्हणते – आण्णांनी तो फोटो दोन दिवस हातात धरला आणि म्हणाले, "पोरगं हसरं हाय." झालं, एवढंच. ना राग, ना रुसवा. हे ध्यानात ठेव. पुढं लागणार आहे.

गल्ली विचारणारच, जावई काय करतो. थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. त्यांचा जावई सुप्याच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, गाडी घेऊन येतो, गाडी नेमकी माझ्या दारापुढं लावतो. मी म्हणाले, "फुटबॉलचा कोच हाय. तिथल्या सगळ्यात वरच्या वर्गातली टीम हाय त्याची."

टीम वरच्या वर्गातली होती, हे खरं. लार्सराव तिच्यात होते, हेही खरं. पण कोच? लार्सराव त्या टीमचे कपडे धुतात. सदरे, चड्ड्या, मोजे, बूट – धुवायचं, वाळवायचं, घडी घालायची, ज्याच्या त्याच्या खुंटीला अडकवायचं, दुसऱ्या गावी सामना असला की पेट्या भरायच्या. त्यांनी मला व्हिडिओवर ती खोली दाखवली होती. तीन दांडगी मशीनं, आणि त्यांच्या मधोमध हा माणूस उभा, तोंडभर हसत, जसा आपण नवीन घेतलेला बैल दाखवतो. त्या माणसाला त्या कामाची केवढी हौस होती! आणि मी – जिचा जन्म कॅनॉलवर धुणं बडवण्यात गेला – मला लाज वाटली. माझ्या हातानं चाळीस वर्षं जे केलं, ते जावयानं केलं तर कमीपणा कसला? 

एवढंच असतं तर तुला बोलावलं नसतं. जावयाची बढाई कोण मारत नाही? पण मग धोंड्याचा महिना आला.

तीन वर्षांनी अधिक महिना येतो, लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाला तेहतीस अनारसे आणि दिवा द्यायचा. आणि बोलावल्याशिवाय लेकीनं यायचं नाही, हे रोहिणीला लहानपणी मीच शिकवलेलं. रोहिणीचा फोन आला. "आई, अधिक आलाय. लार्सला दहा दिवसांची रजा मिळतेय, त्याच्या कामाला बदली माणूस पण मिळालाय. तू बोलाव, लगेच तिकीट काढते."

मी अंगणात उभी होते. समोरच्या ओट्यावर जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मला दिसलं – हा माणूस इथं येणार, मोबाईल काढणार, आणि कौतुकानं सगळ्या गल्लीला ती तीन मशीनं दाखवणार.

मी म्हणाले, "आत्ताच नको ग. आण्णांच्या मनातनं अजून गेलं नाही. ते रागात आहेत. थोडं थांब."

बघ. किती सहज निघालं. 

ती म्हणाली, "बरं. तू बोलावशील तेव्हा येऊ." फोन ठेवला. मी आत गेले तर आण्णा जावयासाठी टॉवेल-टोपी आणून पाटावर मांडून बसलेले. त्यांना मी ओरडून सांगितलं – ओरडून, कारण आण्णांना ऐकू येत नाही, जवळजवळ काहीच नाही – "जावयाचा सीझन चालू आहे! सुट्टी नाही!"

आता तुला प्रश्न पडेल, बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते का? कसे बोलणार? फोनवर आण्णांना काही कळत नाही. फोन माझा, कान माझे, तोंड माझं. तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे नेणारी मी एकटी. टपालवालीच म्हण. आणि त्या टपालवालीनं दोन्हीकडची पत्रं फाडून आपलीच लिहून वाटली.

व्हिडिओ लागला की मी मागच्या अंगणात पळायची. आण्णांना सांगायची, घरात रेंज नाही.

पण आण्णांनी माझं सांगणं खरं धरलं, आणि खरं धरलं ते पुरतं धरलं. सीझन म्हणजे काय, कधी संपतो? पाडव्यालाच रोहिणीनं तिकडून पैसे भरून सामने बघायची सोय करून दिली होती. तोवर आम्ही कधी लावले नव्हते. आता आण्णा म्हणाले, लाव. मग आम्ही शिकलो. टीम सोळा. प्रत्येकीशी दोनदा गाठ, एकदा आपल्या गावात, एकदा तिच्या गावात. म्हणजे तीस सामने. पाडव्याच्या आसपास सुरू, दिवाळी उलटली की संपला. तळाच्या दोन टीम खालच्या वर्गात ढकलायच्या. आण्णांनी भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं – दुधाचे खाडे मांडतो तेच – आणि सामना झाला की त्या चौकटीत पेन्सिलीनं गोल लिहायचे, आणि कोपऱ्यात उरलेले सामने. पंधरा. चौदा. तेरा. जावई यायला अजून तेरा.

आणि ऐक, त्यांना तो खेळ आवडला ग! टीव्हीवरचं सगळं त्यांना कानाविना अर्धं कळतं. कीर्तन नाही, बातम्या नाहीत, मालिका नाहीत. फुटबॉल मात्र पुरता कळतो. डोळे असले की झालं. ते गवत प्लास्टिकचं असतं म्हटल्यावर म्हणाले, "मग याला गुरं तोंड लावायची न्हाईत." तिकडे रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन असतं, याच्यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. जांभळे सदरे ती आपली टीम. शेजारचे दोघंतिघं म्हातारे संध्याकाळी येऊन बसायला लागले. आणि गल्ली माझं नाव घ्यायला लागली – काय बाई आहे, जावयाच्या टीमचं एवढं करते! एवढी माया सासूनं करावी!

मी ते ऐकून घेतलं. मान हलवून घेतलं. सांगितलं नव्हतं का तुला, थांबेन मध्ये मध्ये?

थांबू दे जरा.

श्रावण सरत आला होता. जांभळी टीम सलग पाच सामने हरली होती, तळाकडे घसरत होती. आण्णा माझ्या कोपराला कोपर लावून बसले होते, पेन्सिल कानावर. मोबाईल वाजला. रोहिणीनं लिहिलं होतं – आई, तू मॅच बघतेस? आण्णा पण बघतात का?

बोटं माझी. अक्षरं तिनं शिकवलेली. मी लिहिलं, 'नाही ग. ते आत झोपलेत.'

आण्णांनी विचारलं, "काय म्हनती?" मी खुणेनं सांगितलं, काही नाही.

तेव्हा जाऊबाई घरात नव्हत्या. गल्ली नव्हती. लाज वाटावी असं तिथं कुणी बघायला नव्हतं. 'हो' लिहायला दोन अक्षरंसुद्धा लागत नाहीत. एवढ्यात सगळं मिटलं असतं. मी का लिहिलं नाही? पहिलं खोटं उघडं पडेल म्हणून. एका बापाला मी त्याच्या लेकीसमोर दगड करून ठेवला, तो शेजारी बसून तिच्या येण्याचे सामने मोजत असताना. हाच माझा कबुलीजबाब. बाकी सगळं याच्या आजूबाजूचं.

शेवटचा सामना दिवाळीनंतर झाला. तिकडे दुपारी तीनलाच दिवे लावले होते, कडेला बर्फाचे ढीग. आमच्याकडे बाजरीची भाकरी तव्यावर होती. जिंकले तर वाचणार, नाहीतर खालच्या वर्गात. ओसरीत दहा-बारा माणसं, जाऊबाईसुद्धा. एक-एक गोल. शिट्टी वाजली. बरोबरी. जांभळे सदरे खाली बसले, एकानं तोंड झाकून घेतलं. आण्णांनी चौकटीत एक-एक लिहिलं, आणि कोपऱ्यात शून्य.

आणि मग ते ओरडले – त्यांचं बोलणं म्हणजे ओरडणंच – "ते बघ! लार्सराव!"

खेळाडू आत गेले होते. मैदानात एकच माणूस. वाकून वाकून तो बाटल्या गोळा करत होता. कुणी रागानं सदरा काढून फेकलेला, तो त्यानं उचलला, झटकला, आणि तिथंच, बर्फात उभ्या उभ्या, घडी घातली. बाह्या आत, गळा वर.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं बया! कोच ना तुमचे जावई?"

मी म्हणाले, "तिकडं कोचलाच समदं करावं लागतं." तेव्हाही. त्या वेळीसुद्धा.

आण्णांना यातलं काही ऐकू गेलं नाही. ते पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, "घडी बघ कशी घालतोय. हरल्यालं बी नीट ठेवतोय. मानूस चांगला हाय आपला." मग माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी विसरत नाही – "संपला की शिजन. आता बोलाव."

मी ओरडले, "खालच्या वर्गात गेलेत! आता आणखी कष्ट! पुढच्या वर्षी!"

त्यांनी कॅलेंडर खिळ्याला अडकवलं. ते जुनं कॅलेंडर अजून तिथंच आहे, नवं त्याच्यावर लावतात.

त्यानंतर तीन पाडवे गेले. यंदा जांभळी टीम परत वरच्या वर्गात चढलीय, आणि यंदा परत अधिक महिना आलाय. रोहिणीनं विचारलं नाही. तीन वर्षांत तिनं पुन्हा तो विषय काढलेला नाही. आण्णांना अठ्ठ्याहत्तर सरलीत, आणि परवा त्यांनी कपाटातनं ती टॉवेल-टोपी काढून उन्हात टाकली.

तू म्हणशील, मग सांगून टाक की त्यांना. कसं सांगू? कानात सांगायची गोष्ट ही. आणि आण्णांना काही सांगायचं म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगावं लागतं. तीन वर्षं मी याच आडोशाला बसले. पण आण्णांचे डोळे शाबूत आहेत. पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात. आणि मला लिहिता येतं – कुणामुळे, ते सांगितलंच. तेव्हा आडोसा कसला? कागद तर घरात होताच.

म्हणून हे लिहिलं – तू समोर बसलीयस असं धरून, नाहीतर हात चालला नसता. पान झालं की मी त्यांच्याकडे सरकवतेय. आत्ता ते कॅलेंडरखाली बसून वाचतायत. पहिलं पान वाचताना दोनदा हसले, किडक्या वांग्यांना बहुतेक. आता दुसरं हातात आहे. 'ते आत झोपलेत' तिथं आले असतील. चष्मा काढला. धोतरानं पुसला. परत घातला. माझ्याकडे बघितलं नाही. पान उलटलं.

मी काही मागणार नाही. त्यांच्याकडे नाही, रोहिणीकडे नाही, तुझ्याकडे तर नाहीच. हे सगळ्या पानांचे फोटो काढून रोहिणीला पाठवणार, आणि मग हीच पानं जाऊबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवणार. त्यांना चाळशी लागते. मी वाचून दाखवेन, मोठ्यानं.

रोहिणी, आण्णा कधी रागावले नव्हते. रागावलं कुणीच नव्हतं. हे बोलावणं माझं आहे, तीन वर्षं उशिरा. डाळ भिजत घातलीय. लार्सराव, इकडे आमचं मशीन नाही, पण कॅनॉलला पाणी सुटलंय आणि दगड जागेवर आहे. तुमची खोली तुम्ही दाखवलीत, माझी मी दाखवीन. आणि ऐकणारे बाई, तूही ये, नंतर-बिंतर म्हणू नकोस. महिना सरायच्या आत या सगळे.

सीझन चालू असला तरी या.