सतराव्या तुकड्याची शेवटची ओळ

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात संगणक आला तेव्हा अक्कांनी एक फाइल उघडली आणि एकोणीस वर्षांत दुसरी उघडली नाही. कुठला पाइप कधी फुटला, कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, कुठल्या घरातला कुत्रा चावतो, सगळं एकाखाली एक. प्रत्येक नोंदीखाली फुल्यांची लांबलचक रांग, कारण "नोंदीला कुंपण हवं." मी शेजारच्या टेबलावर बसतो. निदान दरवर्षी नवी फाइल करा, असं मी दहादा सांगितलं असेल. पण पालथ्या घड्यावर पाणी!

नव्या साहेबांना ती फाइल डोळ्यांसमोर नको होती. त्यांनी रंगीत नकाशा करून भिंतीवर लावला आणि येत्या सोमवारपासून अक्कांची फाइल बंद, असं जाहीर केलं. अक्का दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. गुरुवारी मात्र दिवसभर खाली मान घालून त्यांनी गावातल्या झाडून सगळ्या मीटरचे नंबर फाइलीत ओतले. सोमवारच्या आत काही बाहेर राहायला नको, म्हणून.

शुक्रवारी सकाळी सलूनच्या गल्लीत मोठा पाइप फुटला. साहेब मिस्त्रीला घेऊन धावले, पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह गाठायला नकाशा बघून सलूनसमोर खड्डा खणला, तर आत नुसती माती. पाणी घराघरांत शिरू लागलं. शेवटी साहेबांचा मला फोन आला. "जरा त्या... बाईंच्या फाइलीत बघा."

अक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी फाइलवर टिचकी मारली. पडद्यावर उत्तर आलं: फाइल फार मोठी आहे, उघडता येत नाही.

पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. अति तिथे माती, दुसरं काय! अक्का मटकन खुर्चीत बसल्या. "एकोणीस वर्षं रे," एवढंच म्हणाल्या. मला भरून आलं, आणि भरून आलं की मला हुशारी सुचते. फाइलीचे सारख्या आकाराचे चाळीस तुकडे करायची आज्ञा मी संगणकाला दिली.

"अरे, कुठे कापतोय ते तरी बघतोय का तो?"

"त्याला काय कळतंय, अक्का? आकार भरला की कापतो."

एकेक तुकडा उघडून मी 'सलून' शोधत सुटलो. सतराव्यात सापडलं, अगदी शेवटच्या ओळीत: 'मोठ्या पाइपचा व्हॉल्व्ह सलूनसमोर असल्याचे'. मी लगेच फोन लावला. "साहेब, फाइलही तेच म्हणतेय. अजून खोल खणा!"

"अरे, पुढचं वाच," अक्का माझी बाही ओढत होत्या.

"पुढे काही नाही, अक्का, संपलं."

खड्डा मिस्त्रीच्या छातीपर्यंत गेला. सलूनवाला दारातच अडकला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीवर पाय वर घेऊन बसलं. इकडे अक्कांनी मला चक्क बाजूला ढकललं आणि अठरावा तुकडा स्वतः उघडला. पहिली ओळ होती: 'जुन्या नकाशात आहे, ते साफ चूक. व्हॉल्व्ह मागच्या अंगणात, टाकीखाली. उलटा बसवलाय, डावीकडे फिरवला की बंद होतो. मी स्वतः उभी होते.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन अक्कांनीच केला. त्यांनी वाचून दाखवलं, दोनदा, सावकाश. वीस मिनिटांत पाणी थांबलं.

दुपारी साहेब आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांचा नवा नकाशा जुन्यावरूनच उतरवलेला होता, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. "फाइल चालू राहील," ते म्हणाले. "तुकडे ठेवा, पण नोंद पुरी झाल्यावरच कापा."

अक्का मान हलवून लिहायला बसल्या. साहेब त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि सांगू लागले, "आजच्या नोंदीत लिहा, नकाशात चूक आहे."

अक्कांचे हात थांबले. "ते बारा वर्षांपूर्वीच लिहिलंय, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्याआधी तीन साहेब होऊन गेले. वाचायला आजच कुणीतरी मागितलं."